कारखान्याचा स्वतःचा चॅट सर्व्हर: आधी लायसन्स, मग इन्स्टॉलेशन

नाशिककडच्या अंबड, सातपूर, गोंद्याच्या बहुतेक लहान कारखान्यांत कामाचे निरोप व्हॉट्सॲपवरच चालतात. ड्रॉइंग, डिस्पॅचचे फोटो, रिजेक्शनचा आकडा, उद्याच्या पहिल्या शिफ्टला कोण येणार नाही, सगळं एकाच ग्रुपवर. माणूस काम सोडून गेला की ग्राहकाची ड्रॉइंग्ज त्याच्या फोनमध्ये तशीच राहतात. सहा महिन्यांनी ग्राहकाशी वाद निघाला की तेव्हा नेमकं काय ठरलं होतं, हे शोधायला कुणाकुणाचे फोन मागत फिरावं लागतं.

मेसेजिंगचा सर्व्हर आपल्या ताब्यात ठेवता येतो, आणि त्यासाठी लागणारं चांगलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) वाचायला आणि बदलायला खुला असतो. हा लेख तीस ते पन्नास माणसांच्या कारखान्यासाठी, वितरकाच्या ऑफिससाठी किंवा दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी लिहिला आहे. कॉम्प्युटरचं बघणारा एक माणूस हाताशी असला की पुरे. असे सर्व्हर दुसऱ्यांना उभारून देणाऱ्या नाशिकच्या तरुण मंडळींना लायसन्सचा, म्हणजे सॉफ्टवेअर वापरण्याच्या अटींचा, भाग जास्त लागणार आहे, म्हणून तो सुरुवातीलाच आणि जरा सविस्तर घेतो.

लायसन्स आधी का बघायचं

इन्स्टॉलेशन एका दुपारी उरकतं. पण त्यात साठत जाणारे मेसेज, लोकांना पडलेली सवय, जोडलेले रिपोर्ट हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. तीन वर्षांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने धोरण बदललं तर आपल्या हातात काय उरणार, हे लायसन्सवर ठरतं.

अशी धोरणं बदलतात. मॅट्रिक्स हा चॅटचा एक प्रोटोकॉल, म्हणजे ॲप आणि सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम. त्याचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा सर्व्हर म्हणजे सिनॅप्स. तो अपाची २.० लायसन्सखाली मिळत असे (इथे येणारी लायसन्स पुढे समजावली आहेत). नोव्हेंबर २०२३ मध्ये तो बनवणाऱ्या एलिमेंट कंपनीने जाहीर केलं की यापुढे सिनॅप्सचं काम एजीपीएल ३ लायसन्सखाली चालेल. एजीपीएलही ओपन सोर्सच आहे, त्यामुळे साध्या वापरणाऱ्याला काही फरक पडला नाही. पण ज्यांनी सिनॅप्समध्ये स्वतःची भर घालून तिचा कोड स्वतःपुरताच ठेवला होता आणि त्यावर ग्राहकांना सेवा देत होते, त्यांना सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला.

दुसरं उदाहरण डेटाबेसचं. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एजीपीएल सोडून एसएसपीएल नावाचं स्वतःचं लायसन्स आणलं. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था त्याला ओपन सोर्स मानत नाही. आता रॉकेटचॅट हा लोकप्रिय चॅट सर्व्हर मोंगोडीबीवर चालतो. म्हणजे चॅट सर्व्हरचं लायसन्स कितीही मोकळं असलं तरी त्याच्या खालच्या थराचं वेगळं बघावं लागतं.

यात दिलासा देणारी बाब एकच, आणि ती महत्त्वाची आहे. जी आवृत्ती तुम्ही जुन्या लायसन्सखाली घेतली, ती त्याच लायसन्सखाली तुमच्याकडे राहते. मागे जाऊन कोणी ती काढून घेऊ शकत नाही. मात्र पुढचे सुरक्षेचे दुरुस्ती-अपडेट नव्या लायसन्सखालीच येतात, आणि इंटरनेटला जोडलेला सर्व्हर अपडेटशिवाय फार दिवस चालवणं धोक्याचं असतं.

चार लायसन्स, आणि ती काय मागतात

चॅट सर्व्हरच्या दुनियेत प्रामुख्याने चार लायसन्स भेटतात.

एमआयटी सगळ्यात सुटसुटीत आहे. वापरा, बदला, विका. मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर मात्र सोबत ठेवा. ल्युआ भाषेत लिहिलेला प्रॉसडी हा सर्व्हर एमआयटीखाली आहे.

अपाची २.० जानेवारी २००४ मधलं. यातही बदल करून विकता येतं आणि बदल बंद ठेवता येतात. अटी थोड्या वाढतात: लायसन्सची प्रत द्यायची, बदललेल्या फाइलींवर बदल केल्याची नोंद करायची, आणि 'नोटीस' नावाची फाइल असेल तर तिच्यातली श्रेयाची माहिती पुढे न्यायची. शिवाय योगदान देणाऱ्यांकडून पेटंटचा परवाना मिळतो. मात्र त्या सॉफ्टवेअरवरून तुम्ही कुणावर पेटंटचा दावा लावला तर तो परवाना संपतो. ट्रेडमार्क वापरायची परवानगी यात नाही. जावात लिहिलेला ओपनफायर आणि विषयवार संभाषणासाठी नावाजलेला झुलिप, दोघेही अपाची २.० खाली आहेत.

जीपीएल २ हे जून १९९१ चं. याची मुख्य अट सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याला देताना लागू होते. प्रत दिली की सोर्स कोडही द्यायचा, किंवा तो देण्याची किमान तीन वर्षं वैध राहील अशी लेखी हमी द्यायची. घेणाऱ्याला तो पुढे वाटण्याचा हक्क असतो. अर्लांग भाषेतला एजॅबर्ड जीपीएल २ खाली आहे, आणि त्याच्यातूनच फुटून निघालेला मोंगूसआयएमसुद्धा.

एजीपीएल ३ नोव्हेंबर २००७ मध्ये आलं ते जीपीएलमधली एक फट बुजवण्यासाठी. ही फट व्हॉट्सॲपच्याच उदाहरणाने समजते. व्हॉट्सॲपचा सर्व्हर सुरुवातीला एजॅबर्डवर उभा होता आणि त्यांनी त्यात मोठे बदल केले. ते बदल जगाला द्यायचं बंधन त्यांच्यावर आलं नाही, कारण सर्व्हरची प्रत त्यांनी कुणालाच दिली नाही. तो स्वतःच्या यंत्रांवर चालवला आणि लोकांना फक्त सेवा दिली. जीपीएलला हे चालतं. एजीपीएलच्या १३व्या कलमात मात्र असं आहे की तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये बदल केला आणि लोक नेटवर्कवरून त्या बदललेल्या सॉफ्टवेअरशी संवाद साधत असतील, तर त्यांना त्याचा सोर्स कोड मिळवण्याची सोय द्यावी लागते. बदल न करता जसंच्या तसं चालवलं तर हे कलम लागू होत नाही. 'एजीपीएल आहे, म्हणजे आपले मेसेज उघडे करावे लागतील' ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. ती निराधार आहे. लायसन्सचा संबंध कोडशी असतो, तुमच्या डेटाशी नाही.

ओपन सोर्स म्हणजे पैसे घेता येत नाहीत, हाही असाच पक्का बसलेला समज. कॉन्व्हर्सेशन्स हे अँड्रॉइडवरचं चॅट ॲप जीपीएल ३ (जीपीएलची पुढची आवृत्ती) खाली आहे. तेच ॲप गुगल प्लेवर विकत मिळतं आणि एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲप्सच्या स्टोअरवर विनाशुल्क. दोन्ही पूर्णपणे नियमात बसतं.

लायसन्स प्रत्यक्ष तपासायचं कसं

वेबसाइटच्या पहिल्या पानावर 'ओपन सोर्स' लिहिलेलं असतं, तेवढ्यावर थांबू नका. सोर्स कोडच्या मुख्य फोल्डरमध्ये 'लायसन्स' किंवा 'कॉपीइंग' नावाची फाइल असते, ती उघडा. मग त्या फाइलचा इतिहास उघडा: ती कधी बदलली, काय बदललं, कुणी बदललं. दहा मिनिटांत प्रकल्पाचा स्वभाव कळतो.

नंतर आतल्या फोल्डरांकडे वळा. रॉकेटचॅटचा मूळ गाभा एमआयटी आहे, पण 'ईई' नावाच्या फोल्डरातल्या एंटरप्राइज सोयींना वेगळं, व्यावसायिक लायसन्स आहे. मॅटरमोस्टची रचना आणखी वेगळी: कंपनीने तयार करून दिलेल्या टीम एडिशनच्या बायनरी (थेट चालवायच्या फाइली) एमआयटीखाली, सोर्स कोड एजीपीएलखाली, आणि एंटरप्राइजचा भाग व्यावसायिक. यात लपवाछपवी काही नाही, सगळं लिहिलेलं आहे. वाचणारा मात्र हवा. तुम्हाला हवी असलेली सोय, समजा मेसेजचा संग्रह किंवा ऑफिसच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी (सगळ्यांच्या लॉगिनची मध्यवर्ती यादी) जोडणी, नेमकी विकतच्या बाजूला पडते का, हे आधी शोधा.

तिसरी तपासणी योगदानाच्या कराराची. कोड देणाऱ्यांकडून कंपनी वेगळा करार लिहून घेत असेल, तर तोच कोड उद्या दुसऱ्या लायसन्सखालीही विकायची मोकळीक तिच्याकडे असते. सिनॅप्सच्या बाबतीत एलिमेंटने असा करार ठेवला आहे. हा दोष नव्हे, अनेक चांगले प्रकल्प याच उत्पन्नावर जगतात. पण सत्ता कुणाच्या हातात आहे, ते माहीत असावं.

शेवटी डेटाबेस आणि प्लगिन, म्हणजे वरून जोडायचे जादा भाग. पोस्टग्रेस या डेटाबेसचं लायसन्स एमआयटीसारखंच मोकळं आहे. मायएसक्यूएल जीपीएल २ खाली आणि सोबत ऑरेकलचं व्यावसायिक लायसन्स, अशा दुहेरी पद्धतीने मिळतं. प्रत्येक प्लगिनचं लायसन्स स्वतंत्र असू शकतं, त्यामुळे मुख्य सर्व्हर बघून प्लगिनबद्दल अंदाज बांधू नका.

तुमचा प्रसंग कोणता

कारखाना स्वतःसाठीच सर्व्हर चालवणार असेल, कोडला हात लावणार नसेल, तर वरच्या चारपैकी कोणतंही लायसन्स चालेल. पाळायला जवळजवळ काहीच नाही. इतक्या साध्या उत्तरासाठी लोक महिनोन्महिने अडून बसतात, याचं वाईट वाटतं.

तुमची सॉफ्टवेअर कंपनी असेल आणि तुम्ही सर्व्हरमध्ये मराठी रिपोर्ट, हजेरीशी जोडणी वगैरे भर घालून तो दहा कारखान्यांत बसवून देणार असाल, तर गोष्ट बदलते. ओपनफायर किंवा प्रॉसडी घेतलात तर भर स्वतःकडे ठेवू शकता. लायसन्सची प्रत आणि श्रेयाच्या नोंदी मात्र इन्स्टॉलरमध्ये हव्यात. एजॅबर्डच्या कोडमध्ये बदल करून दिलात तर ग्राहकाला सोर्स कोडही द्यावा लागेल. आणि नाव स्वतःचं ठेवा: 'नाशिक ओपनफायर प्रो' असं नाव लावायची परवानगी अपाची लायसन्स देत नाही. 'ओपनफायरवर आधारित' असं खरं ते सांगायला हरकत नाही.

एका लायसन्सचा कोड दुसऱ्यात मिसळणार असाल तर आणखी एक गाठ आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० चा कोड जीपीएल ३ च्या प्रकल्पात घेता येतो, पण फक्त जीपीएल २ असलेल्या प्रकल्पात घेता येत नाही. इथे मोठा व्यवहार असेल तर बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवाच.

निवड

लहान कारखान्यासाठी मी ओपनफायर सुचवतो. सगळी मांडणी ब्राउझरमधून होते, लायसन्स अपाची २.० आहे, पैसे देऊन उघडणारी वेगळी आवृत्ती नाही, आणि तो एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर चालतो. एक्सएमपीपीचा उगम १९९९ मध्ये जाहीर झालेल्या जॅबर प्रकल्पात आहे. २००४ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मानकाचं रूप दिलं आणि २०११ मध्ये ते सुधारलं. खुल्या प्रोटोकॉलचा थेट फायदा असा की उद्या ओपनफायर नकोसा झाला तर प्रॉसडी किंवा एजॅबर्ड आणता येतो आणि लोकांच्या फोनवरची ॲप्स तीच राहतात.

ओपनफायरचा स्वतःचा प्रवासही बोलका आहे. जाइव्ह सॉफ्टवेअर कंपनीचा जाइव्ह मेसेंजर, मग वाइल्डफायर, मग ओपनफायर. आधी जीपीएल आणि व्यावसायिक असं दुहेरी लायसन्स होतं, पुढे सगळं अपाची झालं आणि आज इग्नाइट रिअलटाइम हा समुदाय तो सांभाळतो. इथे लायसन्स मोकळं होण्याच्या दिशेने बदललं.

लिनक्सची कमांड लाइन अंगवळणी असेल तर प्रॉसडी हलका आणि नेटका आहे. मॅट्रिक्सचा विचार करत असाल तर मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा मेसेजिंग ॲप्सवर बंदी घातली होती आणि त्यांत मॅट्रिक्ससाठीचं एलिमेंट ॲप होतं, हे ध्यानात ठेवा. आपल्या लोकांच्या फोनवर ॲप सरळ मिळतं का, ते आधी बघा.

पायरी १: यंत्र आणि त्याची जागा

पन्नास माणसांना ४ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं साधं यंत्र भरपूर होतं. प्रश्न आहे तो जागेचा. बहुतेक लोक शॉप फ्लोअरवरच असतील तर सर्व्हर कारखान्यात ठेवा, यूपीएससकट. सिंहस्थाच्या तयारीत शहरभर खोदकाम चालू आहे. कुठे केबल तुटली आणि इंटरनेट गेलं तरी आतल्या वायफायवर निरोप चालू राहतील. त्यासाठी एक गोष्ट करावी लागते, जी हमखास राहून जाते: राउटरमध्ये सर्व्हरच्या नावासमोर त्याचा आतला आयपी पत्ता नोंदवायचा. नाहीतर सर्व्हर शेजारच्या खोलीत आणि फोन त्याचा पत्ता विचारायला बंद इंटरनेटकडे, अशी अवस्था होते.

बाहेरूनही जोडायचं असेल तर इंटरनेट देणाऱ्याकडून स्थिर सार्वजनिक आयपी मागून घ्या. साध्या ब्रॉडबँड जोडणीत अनेकदा एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि मग बाहेरून आत येता येत नाही. ड्रायव्हर, मार्केटिंग, शेतावरचे लोक जास्त असतील तर सरळ मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर घ्या.

पायरी २: नाव

प्रत्येकाचा चॅटचा पत्ता ईमेलसारखा असतो: आधी माणसाचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग डोमेन. हे डोमेन पहिल्याच वेळी नीट ठरवा. ते प्रत्येक खात्यात, प्रत्येक संपर्क यादीत आणि प्रत्येक जुन्या मेसेजमध्ये कोरलं जातं. नंतर बदलणं म्हणजे जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात. कारखान्याच्या मालकीचं डोमेन वापरा, सर्व्हर बसवून देणाऱ्याचं कधीच नाही.

सर्व्हरचं यंत्र वेगळ्या नावाने असेल तर डीएनएसमध्ये (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी यंत्रणा) एसआरव्ही नोंद टाका, म्हणजे या डोमेनचा चॅट सर्व्हर कोणत्या यंत्रावर आहे ते ॲपला कळतं. लोकांच्या चॅट ॲपसाठी पोर्ट (यंत्राचं क्रमांक असलेलं दार) ५२२२. सर्व्हर-ते-सर्व्हर संवादाचा पोर्ट ५२६९ असतो. बाहेरच्या एक्सएमपीपी सर्व्हरांशी बोलायचं नसेल तर तो बंदच ठेवा आणि ओपनफायरच्या सेटिंगमध्येही ती सोय बंद करा.

पायरी ३: इन्स्टॉलेशन

डेबियन किंवा उबुंटूसाठी तयार पॅकेज मिळतं, विंडोजसाठी इन्स्टॉलर. जावाची कोणती आवृत्ती लागते ते त्या आवृत्तीच्या सूचनांत वाचा. आधी पोस्टग्रेसमध्ये एक रिकामा डेटाबेस आणि त्याचा स्वतंत्र युजर करून ठेवा. मग ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि ९०९० पोर्ट उघडा. विझार्ड सुरू होतो.

भाषा निवडल्यावर दुसऱ्या पानावर दोन रकाने एकाखाली एक येतात: एक एक्सएमपीपी डोमेनचा आणि दुसरा यंत्राच्या पूर्ण नावाचा. इथे विझार्ड स्वतःहून यंत्राचं नाव भरून ठेवतो आणि घाईत माणूस पुढे जातो. थांबा, वरच्या रकान्यात पायरी २ मध्ये ठरवलेलं डोमेन टाका. त्याच पानावर एन्क्रिप्शनचा (माहिती कुलूपबंद करण्याचा) प्रकार विचारतात, एईएस घ्या.

पुढे डेटाबेस. 'एम्बेडेड' हा पर्याय चाचणीपुरता ठीक. रोजच्या कामासाठी 'स्टँडर्ड' निवडून पोस्टग्रेसचा तपशील द्या. खात्यांसाठी साधा पर्याय ठेवा किंवा ऑफिसात ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर तिच्याशी जोडणारा एलडॅप हा पर्याय निवडा. शेवटी ॲडमिनचा पासवर्ड. झालं.

पायरी ४: दारं बंद करणं

हा भाग टाळू नका. मे २०२३ मध्ये ओपनफायरच्या ॲडमिन कन्सोलमध्ये (ब्राउझरमधून सर्व्हरची मांडणी करायची पानं) एक गंभीर उणीव जाहीर झाली: लॉगिन न करताच आतल्या पानांपर्यंत पोचता येत होतं. २०१५ पासूनच्या आवृत्त्यांत ती होती, ४.६.८ आणि ४.७.५ मध्ये दुरुस्त झाली. दुरुस्ती येऊनही ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांच्या सर्व्हरमध्ये हल्लेखोरांनी स्वतःची ॲडमिन खाती काढली. ज्यांचा कन्सोल इंटरनेटवर उघडाच नव्हता, त्यांच्यापर्यंत बाहेरचा हल्लेखोर थेट पोचू शकत नव्हता. म्हणून ९०९० आणि ९०९१ हे पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त ऑफिसच्या ठरावीक यंत्रांना उघडे ठेवा.

मग नोंदणी आणि लॉगिनच्या पानावर जा. कुणीही स्वतःचं खातं उघडू शकेल ही सोय बंद, अनामिक लॉगिन बंद. क्लायंट जोडण्यांच्या पानावर एन्क्रिप्शन ऐच्छिक न ठेवता सक्तीचं करा. त्यासाठी लागणारं सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं विनामूल्य मिळतं. मुदत कमी असल्यामुळे त्याचं नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करा, नाहीतर एखाद्या सकाळी सगळे फोन एकदम तक्रार करू लागतील.

पायरी ५: माणसं आणि रूम

'स्टोअर्स', 'क्वालिटी' अशी सामाईक खाती काढू नका. कुणी काय लिहिलं ते कळलं नाही तर सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय? प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या आणि विभागवार ग्रुप करून संपर्क यादी वाटा, म्हणजे नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सगळी नावं दिसतात.

रूम (अनेकांनी मिळून बोलायच्या जागा) थोड्याच ठेवा: प्रत्येक विभागाची एक आणि ड्रॉइंगची वेगळी. ड्रॉइंगच्या रूमबद्दल आग्रहाने सांगतो. ती कायमस्वरूपी, फक्त सदस्यांसाठी आणि नियंत्रित ठेवा, म्हणजे डिझाइनचा माणूसच टाकेल आणि बाकीचे फक्त वाचतील. रिव्हिजन 'सी' आलेली असताना व्हीएमसी मशीनवर 'बी' प्रमाणे जॉब लागला, हा प्रकार बहुतेक वेळा गप्पांच्या पुरात ड्रॉइंग वर सरकून गेल्यामुळे घडतो. गप्पा वेगळ्या ठेवल्या की शेवटची रिव्हिजन नेहमी तळाशी, डोळ्यांसमोर. फाइल पाठवण्यासाठी एचटीटीपी फाइल अपलोड प्लगिन लागेल.

पायरी ६: फोन

अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनल, कॉम्प्युटरवर स्पार्क किंवा गाजिम. अँड्रॉइडवर बॅटरी बचतीचं बंधन या ॲपपुरतं काढा, नाहीतर फोन खिशात गेला की निरोप अडकतात. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच कारणाच्या असतात.

आणि एक निर्णय मालकाने घ्यायचा आहे. कॉन्व्हर्सेशन्समध्ये दोघांतल्या संभाषणाला ओमेमो हे टोकापासून टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन आपोआप लागतं. ते चालू असेल तर सर्व्हरवरच्या संग्रहात न वाचता येणारी अक्षरं साठतात. कामाच्या नोंदीसाठी विभागांच्या रूममध्ये ते बंद ठेवा. खासगी बोलण्यावर मात्र लोकांचं ते राहू द्या. कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यावर नजर ठेवायला हा सर्व्हर नाही, आणि तसा वापर सुरू झाला की लोक दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर परत जातात.

पायरी ७: संग्रह आणि कायदा

मेसेज साठवण्यासाठी मॉनिटरिंग सर्व्हिस हे प्लगिन बसवा आणि किती दिवस ठेवायचे ते ठरवून टाका. काय साठतं, किती दिवस, कोण बघू शकतं, हे मराठीत एका पानावर लिहून प्रत्येकाला द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा रोखही माणसाला आधी सांगण्यावरच आहे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश कंपन्यांनाही लागू होतात. त्यानुसार सिस्टिमचे लॉग (यंत्रात आपोआप होणाऱ्या कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागतात. सर्व्हरचं घड्याळही जुळवलेलं हवं. लॉग म्हणजे मेसेजचा मजकूर नव्हे, हा फरक सांभाळा.

पायरी ८: बॅकअप आणि अपडेट

रोज रात्री पोस्टग्रेसची प्रत दुसऱ्या यंत्रावर. सोबत ओपनफायरचं 'कॉन्फ' फोल्डर, कारण एन्क्रिप्शनची किल्ली तिथल्या सिक्युरिटी फाइलमध्ये असते, आणि 'रिसोर्सेस'मधलं 'सिक्युरिटी' फोल्डर, जिथे प्रमाणपत्रं असतात. अपलोड झालेल्या फाइलींची जागा वेगळी, तीही घ्या. दर तिमाहीला एकदा ही प्रत रिकाम्या यंत्रावर उतरवून सर्व्हर खरोखर उभा राहतो का, ते बघा.

नवी आवृत्ती आली की आधी बदलांची यादी वाचा, मग लायसन्स फाइल जुन्या आवृत्तीशी ताडून पाहा. फाइल तीच असेल तर मिनिटभराचं काम. बदललेली असेल तर अपडेट बसवण्याआधी वरचे प्रसंग पुन्हा वाचा.

बाहेरच्या माणसाकडून करून घेत असाल तर

वर्क ऑर्डरमध्ये चार ओळी घालायला विसरू नका. कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आणि तिचं लायसन्स, याची यादी प्लगिन आणि डेटाबेससकट मिळावी. कोडमध्ये बदल केला असेल तर तो बदललेला सोर्स कोड कारखान्याला मिळावा; हे अपाची किंवा एमआयटी लायसन्स सक्तीने देत नाही, म्हणून करारातच लिहावं लागतं. डोमेन, ॲडमिन पासवर्ड आणि बॅकअपची जागा कारखान्याच्या नावावर असावी. आणि काम पूर्ण झाल्याचं बिल पास करण्याआधी बॅकअपवरून सर्व्हर उभा करून दाखवावा, तुमच्या समोर, तुमच्या यंत्रावर.